कर शून्य, मग रिटर्न कशाला? कमी उत्पन्न असलेल्यांनी ३१ मार्चआधी करायची तयारी

संगमनेर : बारा लाखांपर्यंत कर नाही, असे कानावर पडल्यापासून अनेकांनी आयकर हा विषयच डोक्यातून काढून टाकला आहे. पण कर न लागणे आणि रिटर्न भरावे न लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली गल्लत कमी उत्पन्नाच्या घरांनाच जास्त महागात पडते. कापलेला टीडीएस बुडतो, कर शून्य असूनही हजार ते पाच हजार रुपये विलंब शुल्क बसते, कर्जाच्या वेळी दाखवायला कागद नसतो. दुसरीकडे, रिटर्न भरले तर 'लाडकी बहीण' बंद होईल, या धास्तीने काही जण हक्काचा परतावाही सोडून देतात. २०२५-२६ हे आर्थिक वर्ष ३१ मार्च २०२६ रोजी संपत आहे. त्याआधी काय पाहावे, काय जमवावे, याची ही माहिती.

थोडक्यात

- करपात्र उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले, की कर शून्य असला तरी रिटर्न सक्तीचे.
- ४ लाखांच्या आत असाल आणि टीडीएस कापला गेला असेल, तर रिटर्न भरल्याशिवाय तो परत मिळत नाही.
- उसाचे पैसे करमुक्त, दुधाचे नाहीत.
- कर माणशी मोजला जातो, सरकारी योजना कुटुंबाचे उत्पन्न पाहतात.
- कर्जासाठी फुगवलेला आकडा पुढे शिष्यवृत्ती आणि योजनांच्या आड येतो.

चार लाख आणि बारा लाख : फरक काय?

नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के आणि ८ ते १२ लाखांवर १० टक्के दर आहे. बारा लाखांपर्यंत जो कर निघतो, तो कलम ८७एखाली मिळणाऱ्या सवलतीमुळे माफ होतो. ही सवलत जास्तीत जास्त ६० हजार रुपयांची आहे. म्हणजे करमाफी ४ लाखांपर्यंतच आहे. त्यापुढे १२ लाखांपर्यंत कर निघतो आणि मग तो सोडला जातो. त्यासाठी हिशेब मांडावा लागतो आणि तो रिटर्नमध्येच मांडला जातो.

समजा, एखाद्या दुकानदाराचा वर्षाचा नफा ६ लाख रुपये आहे. ४ लाखांवरील २ लाखांवर ५ टक्क्यांनी १० हजार रुपये कर निघेल आणि तो पूर्ण माफ होईल. पण रिटर्न मुदतीत भरले नाही, तर विलंब शुल्क ५ हजार रुपये. उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर हेच शुल्क १ हजार रुपये. कर शून्य आणि दंड पाच हजार, असा हा उलटा हिशेब आहे. उत्पन्न ४ लाखांच्या आत असेल आणि रिटर्नची सक्ती नसेल, तर उशिरा भरले तरी हे शुल्क लागत नाही.

पगारदारांना यात थोडी मोकळीक आहे. त्यांच्या पगारातून आधी ७५ हजार रुपयांची प्रमाणित वजावट होते. त्यामुळे इतर उत्पन्न नसेल, तर वर्षाला ४ लाख ७५ हजारांपर्यंत पगार असलेल्याला सहसा रिटर्नची सक्ती नाही. पगारपत्रकात दिसणारा व्यवसाय कर हा राज्याचा कर आहे. तो कापला जातो म्हणून आयकर भरला गेला, असे होत नाही.

उत्पन्न कमी असूनही काही वेळा रिटर्न भरावेच लागते. वर्षभरात एकूण २५ हजार रुपये किंवा जास्त टीडीएस-टीसीएस कापला गेला (ज्येष्ठ नागरिकांसाठी ५० हजार), धंद्याची विक्री ६० लाखांवर गेली, वीजबिल १ लाखाच्या वर भरले किंवा परदेश प्रवासावर २ लाखांहून जास्त खर्च केला, तर कर लागो न लागो, रिटर्न सक्तीचे होते.

कापलेले पैसे परत मिळतात, पण मागावे लागतात

कमी उत्पन्न असलेल्यांसाठी रिटर्नचा सर्वांत थेट फायदा हाच आहे. समजा, एका रंगकाम ठेकेदाराला शाळेच्या इमारतीचे २ लाख ४० हजारांचे काम मिळाले. बिल देताना १ टक्का, म्हणजे २,४०० रुपये टीडीएस कापला गेला. त्याचे वर्षाचे उत्पन्न ४ लाखांच्या आत असेल, तर ही सगळी रक्कम त्याची आहे. मात्र त्याने पॅन दिलाच नसेल, तर कपात २० टक्क्यांनी होते. म्हणजे ४८ हजार रुपये. शिवाय पॅन नसल्याने ही रक्कम त्याच्या नावावर जमा दिसत नाही आणि परत मिळवणे अवघड होऊन बसते.

ठेवींवरील व्याजाचेही तसेच आहे. बँकेचे वार्षिक व्याज ५० हजारांच्या वर गेले, की १० टक्के टीडीएस कापला जातो. ज्येष्ठ नागरिकांसाठी ही मर्यादा १ लाख आहे. पतीच्या पश्चात मिळालेले ८ लाख रुपये साडेसात टक्क्यांनी ठेवलेल्या ५५ वर्षांच्या महिलेला वर्षाला ६० हजार रुपये व्याज मिळेल. त्यातून ६ हजार कापले जातील. तिचे दुसरे काही उत्पन्न नसेल, तर हे सहा हजार रिटर्न भरून परत मिळतात.

कपात होऊच नये यासाठी बँकेत स्वयंघोषणापत्र देता येते. आतापर्यंत ते १५जी आणि ज्येष्ठांसाठी १५एच या नावाने ओळखले जाते. वर्षाच्या सुरुवातीला, एप्रिलमध्येच ते दिलेले बरे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने बँकेतून ताजा नमुना मागून घ्यावा. २०२५-२६ च्या उत्पन्नाचे रिटर्न मात्र १९६१ च्या जुन्या कायद्याप्रमाणेच भरायचे आहे.

विडी कामगारांचा पीएफ

संगमनेर हे विडी कामगारांचे जुने गाव. घरी बसून विड्या वळणाऱ्या कामगारांनाही भविष्य निर्वाह निधी लागू आहे. सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला आहे. मजुरी एवढी कमी, की आयकराचा प्रश्न सहसा येत नाही. पण पीएफ काढताना तो अचानक समोर येतो.

सलग पाच वर्षे सेवा होण्याआधी ५० हजार किंवा त्याहून जास्त पीएफ काढला, तर १० टक्के टीडीएस कापला जातो. पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के. पाच वर्षे पूर्ण झाली असतील तर कर लागत नाही. कारखाना बदलला असेल तर आधीचा पीएफ नव्या खात्यात वर्ग करून घ्यावा. मग आधीची सेवाही पाच वर्षांत धरली जाते. अनेक महिलांच्या बाबतीत अडचण नावाची असते. पीएफमध्ये माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि पॅन काढलेलाच नाही. आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला असेल, तर आयकराच्या संकेतस्थळावर ई-पॅन विनामूल्य आणि लगेच मिळतो. आधी नावे जुळवावीत, मगच पैसे काढण्याचा अर्ज करावा.

उसाचे पैसे करमुक्त, दुधाचा पगार नाही

तालुक्यात सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. ऊस, टोमॅटो, कांदा, डाळिंब यांचे उत्पन्न शेतीचे म्हणून करमुक्त आहे. मात्र दूध, कुक्कुटपालन, शेळीपालन हे आयकर कायद्याच्या दृष्टीने शेतीचे उत्पन्न नाही. तो व्यवसाय आहे. दिवाळीला मिळणारा दरफरकही त्यातच धरायचा.

याचा अर्थ प्रत्येक दूध उत्पादकाला कर लागतो, असा नाही. हिशेब असा : समजा, गोठ्यातून रोज सरासरी ४० लिटर दूध संस्थेत जाते आणि लिटरला ३२ रुपये मिळतात. वर्षाचे झाले ४ लाख ६७ हजार २०० रुपये. ही विक्री आहे, नफा नव्हे. चारा, पशुखाद्य, औषधे, मजुरी त्यातूनच जाते. लहान व्यावसायिकांसाठी कलम ४४एडीची सोय आहे. त्यात खर्चाच्या पावत्या न मांडता, बँकेत जमा झालेल्या विक्रीच्या किमान ६ टक्के आणि रोखीने आलेल्या विक्रीच्या किमान ८ टक्के नफा दाखवता येतो. वरच्या उदाहरणात सहा टक्क्यांनी २८ हजार ३२ रुपये होतात. खरा नफा यापेक्षा जास्त असेल, तर तो दाखवायचा. एवढ्या उत्पन्नावर कर नाही आणि रिटर्नची सक्तीही नाही. पण गोठा वाढवण्यासाठी कर्ज हवे असेल, तर बँक बहुधा दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. तेव्हा मागच्या वर्षांची रिटर्न एकदम भरून भागत नाही.

दूध संकलन केंद्र कमिशनवर चालवणाऱ्यांनी आणि विमा एजंटांनी मात्र एक लक्षात ठेवावे. कमिशनच्या उत्पन्नाला ४४एडीची सोय लागू नाही.

फॉर्म निवडतानाही शेती आडवी येते. पगारदारांचा साधा फॉर्म आयटीआर-१ आणि छोट्या व्यावसायिकांचा आयटीआर-४, या दोन्हींत शेतीचे उत्पन्न ५ हजार रुपयांपर्यंतच चालते. नोकरी करणाऱ्याच्या नावावर ऊसही असेल, तर त्याला आयटीआर-२ लागतो. दूधधंद्याबरोबर शेतीचे उत्पन्न दाखवायचे असेल, तर आयटीआर-३. शेतीचे पैसे करमुक्त असले तरी दर ठरवताना ते इतर उत्पन्नात मिळवले जातात, म्हणून ते लपवू नयेत. इतर उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल आणि असा निघालेला कर ६० हजारांपर्यंतच असेल, तर तो सवलतीमुळे शून्य होतो.

पतसंस्थेचे व्याज

उलाढाल ५० कोटींच्या आत असलेल्या पतसंस्थेला सभासदांच्या व्याजावर टीडीएस कापावा लागत नाही. त्यामुळे पतसंस्थेचे व्याज करमुक्त असते, असा समज पसरला आहे. तो खरा नाही. टीडीएस कापला नाही तरी व्याज हे उत्पन्न आहे आणि ते एकूण उत्पन्नात धरावे लागते. ४ लाखांची मर्यादा ओलांडली का, हे पाहताना पासबुकातील हा आकडा विसरू नये. ३१ मार्चनंतर पतसंस्थेतून व्याजाचा दाखला मागून घ्यावा.

एकदाच आलेली मोठी रक्कम

बारा लाखांची सवलत सगळ्याच उत्पन्नाला नाही. लॉटरी आणि ऑनलाइन गेममध्ये जिंकलेल्या रकमेवर थेट ३० टक्के कर आहे. तिथे ४ लाखांची मर्यादाही उपयोगी पडत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, पण एप्रिल २०२५ पासून त्याआधी जिंकलेले पैसे या वर्षाच्या उत्पन्नात येतात.

जमीन विक्रीतही बारकावा आहे. ग्रामीण शेतजमीन विकून झालेल्या नफ्यावर कर नाही. पण १० हजार ते १ लाख लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून, सरळ रेषेत मोजून, २ किलोमीटरच्या आतील जमीन कायद्याने ग्रामीण धरली जात नाही. संगमनेर शहराच्या लगतच्या गावांतील जमिनीला हा नियम लागू पडू शकतो. त्या नफ्यावर ८७एची सवलत मिळत नाही. असा व्यवहार झाला असेल, तर खरेदीखत आणि जुने कागद सनदी लेखापालाला दाखवूनच रिटर्न भरावे.

रिटर्न भरले तर 'लाडकी बहीण' बंद होते का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत अपात्रतेच्या दोन वेगवेगळ्या अटी आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या वर असणे ही एक. कुटुंबातील सदस्य आयकरदाता असणे ही दुसरी. 'पीएम किसान'च्या नियमांत मागील कर निर्धारण वर्षात आयकर भरलेली व्यक्ती अपात्र ठरते.

रिटर्न भरणे म्हणजे कर भरणे नव्हे. ज्या रिटर्नमध्ये कर शून्य आहे, त्यात कर भरला गेलेला नाही. कापलेला टीडीएस पूर्ण परत मिळाला, तर तोही भरलेला कर राहत नाही. त्यामुळे केवळ शून्य कराचे रिटर्न भरले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. रिटर्नची पोच आणि करगणनेची प्रत मात्र जपून ठेवावी. विचारणा झालीच, तर तोच पुरावा.

खरी अडचण पहिल्या अटीत आहे. आयकर प्रत्येकाच्या पॅनवर स्वतंत्र मोजला जातो, योजना मात्र कुटुंबाचे उत्पन्न बघतात. मुलाच्या रिटर्नमध्ये ३ लाख, वडिलांच्या रिटर्नमध्ये दोन लाख असे असेल, तर दोघांनाही कर नाही. पण कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या वर आहे. इथे अडचण रिटर्नमुळे येत नाही, उत्पन्नामुळे येते. रिटर्न न भरल्याने उत्पन्न कमी होत नाही. बँक, कंपनी, पतसंस्था यांच्याकडची माहिती पॅनला जोडली जातेच.

कर्जासाठी फुगवलेला आकडा

काही ठिकाणी कर्ज मिळावे म्हणून उत्पन्न मुद्दाम वाढवून रिटर्न भरून दिले जाते. कर तर लागत नाही, मग बिघडते काय, असा त्यामागचा हिशेब असतो. बिघडते ते पुढे. आरटीईतून आर्थिक दुर्बल गटात मुलाचा प्रवेश हवा असेल, तर उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. प्राधान्य कुटुंब योजनेच्या शिधापत्रिकेसाठी शहरी भागात ५९ हजार आणि ग्रामीण भागात ४४ हजारांची मर्यादा आहे. तहसीलच्या दाखल्यावर एक आकडा आणि रिटर्नमध्ये दुसरा, असे निघाले तर खुलासा कुटुंबालाच करावा लागतो. शिवाय फुगवलेल्या उत्पन्नावर मिळालेल्या कर्जाचा हप्ता खऱ्या उत्पन्नातूनच भरायचा असतो.

उलट्या बाजूची फसवणूकही आहे. 'परतावा वाढवून देतो' म्हणत काही एजंट खोट्या देणग्या, खोटे घरभाडे, खोटे विमा हप्ते दाखवतात आणि परताव्यातला वाटा घेतात. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा बनावट वजावटींविरोधात देशभरात तपासणी मोहीम राबवली. खोटी माहिती दिल्याचे ठरले, तर वाचवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. नोटीस एजंटाला येत नाही. ज्याचा पॅन, त्याला येते.

आताच जमवायच्या गोष्टी

- पॅन-आधार जोडणी : जोडणी नसेल तर पॅन निष्क्रिय होतो. मग परतावा थांबतो आणि टीडीएस जास्त दराने कापला जातो. संकेतस्थळावर 'लिंक आधार स्टेटस' पाहून खात्री करावी.
- मोबाइल क्रमांक : आधारला स्वतःचा चालू क्रमांक जोडलेला हवा. रिटर्नची पडताळणी त्यावर येणाऱ्या ओटीपीने होते.
- बँक खाते : परतावा फक्त पॅनशी जुळणाऱ्या आणि संकेतस्थळावर आधी तपासलेल्या खात्यात येतो. खात्यावरील आणि पॅनवरील नाव सारखे हवे.
- उत्पन्नाचे कागद : दूध संस्थेचा वर्षाचा उतारा, कारखान्याची ऊसबिले, बाजार समितीच्या पट्ट्या, बँक व पतसंस्थेचे व्याजाचे दाखले. पगारदारांना फॉर्म १६ जूनच्या मध्यापर्यंत मिळतो.
- २६एएस आणि एआयएस : आपल्या पॅनवर कोणी किती टीडीएस जमा केला आणि कोणते व्यवहार नोंदले गेले, हे या दोन उताऱ्यांत दिसते. चुकीची नोंद असेल तर तिथेच हरकत नोंदवता येते.
- पासवर्ड स्वतःकडे : रिटर्न केंद्रावर भरून घेतले तरी नोंदणीत मोबाइल आणि ई-मेल स्वतःचाच असावा. अन्यथा नोटीस दुसऱ्याच्या फोनवर जाते.

तारखा

एप्रिलमध्ये घाई करून रिटर्न भरू नये. जानेवारी ते मार्चच्या टीडीएसची माहिती देण्याची कंपन्या आणि बँकांची मुदत ३१ मेपर्यंत असते. त्यामुळे २६एएस जूनमध्ये पूर्ण होतो. पगारदार आणि निवृत्तिवेतनधारकांनी ३१ जुलै ही तारीख धरून चालावे. मागच्या वर्षी मुदत आधी १५ आणि मग १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, पण दरवर्षी तसे होईल या भरवशावर राहू नये. मुदत चुकली तर विलंबित रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. त्यानंतरच्या 'अपडेटेड रिटर्न'मध्ये परतावा मागता येत नाही.

रिटर्न सादर केल्यावर ३० दिवसांत पडताळणी करावीच लागते. ती राहिली तर रिटर्न भरलेच नाही, असे धरले जाते. परताव्याच्या वाट्याला सर्वाधिक अडथळे इथेच येतात. रिटर्न भरून झाले, पण ओटीपी टाकायचा राहिला.

संकेतस्थळावर स्वतः रिटर्न भरण्यास शुल्क नाही. अडचण आली तर १८०० १०३ ००२५ या विनामूल्य मदत क्रमांकावर विचारता येते. 'तुमचा परतावा मंजूर झाला, लिंक उघडा' असा संदेश किंवा व्हॉट्सअॅपवर आलेली अॅपची फाइल उघडू नये. परतावा थेट खात्यात जमा होतो. त्यासाठी कोणालाही ओटीपी, पिन किंवा कार्ड क्रमांक द्यावा लागत नाही.